नाव कोठे घालावे?

दिवाळी आली की आपल्या घरांतून छायाचित्रांचे पीक येते. अंगणातली रांगोळी, मुलांनी माती कालवून उभा केलेला किल्ला, दारावरचा आकाशकंदील, पाडव्याचे ओवाळणे, भाऊबीजेचे ताट, काही म्हणून सुटत नाही. पूर्वी फोटो म्हणजे वर्षा दोन वर्षांनी घडणारा सोहळा होता. आता तो घराघरांतल्या हातातल्या मोबाइलचा खेळ झाला आहे. सकाळी टिपलेली रांगोळी दुपारी चार गावे फिरून येते आणि संध्याकाळी आपल्याच मोबाइलवर परक्या नावाने परत येते. म्हणून छायाचित्रावर आपले नाव उमटवण्याची चाल पडली. त्या नावाला सगळे ‘वॉटरमार्क’ म्हणतात. शाळेतली मोठी मुले हे काम मोठ्या हौसेने करतात आणि मग एक प्रश्न हटकून विचारतात : “सर, नाव कोपऱ्यात टाकू की मधोमध?”

प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा वाटतो. कोपऱ्यात घातलेले नाव कोणीही कातरून टाकतो आणि मधोमध घातलेले नाव चित्राचाच जीव घेते; मग करावयाचे काय? परंतु हाच प्रश्न आपल्या या मुलखात दोन हजार वर्षे निरनिराळ्या लोकांनी सोडवला आहे. राजांनी नाण्यावर, सुतारांनी दारावर, कारकुनांनी कागदावर आणि संतांनी अभंगात. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती का जुळत नाहीत हे पाहण्यातच खरी मौज आहे.

या शोधाला आरंभ करावयास तेरसारखे दुसरे ठिकाण नाही. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव आज गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखले जाते. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासवृत्तात ‘तगर’ या नावाने त्याचा उल्लेख आहे. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर, असे तो लेखक सांगतो. तेथून जाडेभरडे कापड, मलमल आणि इतर माल गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी भडोच बंदरात जाई आणि तेथून जहाजाने पश्चिमेकडे.

आता ज्या गावचा माल गावातच खपतो त्या गावाला खुणेची गरज नसते. कुंभार आपल्या मडक्यावर नाव घालीत नाही, कारण मडके घेणारी बाई त्याला ओळखते आणि मडके फुटके निघाले तर ती थेट त्याच्या दारात येऊन उभी राहते. नावाची गरज उत्पन्न होते ती वस्तू ओळखीच्या माणसांपलीकडे गेल्यावर. तगरचा माल ओळखीपलीकडे गेला होता. आपल्या मुलांची छायाचित्रेही आज तशीच ओळखीपलीकडे जातात. म्हणूनच दोघांचा प्रश्न एकच आहे.

कुंभाराचा विषय निघालाच आहे, तर मातीची आणखी एक गोष्ट येथेच सांगावी. जुन्या गावांच्या उत्खननांत खापरांवर खुणा सापडतात, त्यांत जाणकार दोन जाती करतात. एक खूण ओल्या मातीवर ओढलेली असते आणि भट्टीत मडक्याबरोबरच भाजून निघालेली असते. ती बहुधा घडवणाऱ्याची. दुसरी भाजलेल्या मडक्यावर टोकदार वस्तूने ओरखडलेली असते. ती बहुधा विकत घेणाऱ्याची. बोटाने चाचपले तरी फरक कळतो : पहिलीच्या कडा गुळगुळीत, दुसरीच्या खरबरीत. घडवताना घातलेली खूण वस्तूच्या अंगात असते. मागाहून घातलेली वस्तूच्या अंगावर असते. पुढच्या साऱ्या विवेचनात हा भेद उपयोगी पडणार आहे.

◆

सातवाहनांच्या काळात आपल्या डोंगरांतून लेणी कोरली गेली, त्यांतल्या भिंतींवर आणि खांबांवर शेकडो नावे आहेत. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहात गेलात तर खांबांवर दात्यांची नावे दिसतील. धेनुकाकट गावचे अनेक जण त्यांत आहेत, आणि त्यांतले काही स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. ज्याने ज्या खांबाचा खर्च सोसला त्याचे नाव त्या खांबावर. प्रदक्षिणेला येणाऱ्याच्या नजरेस ते पडावे हा हेतू उघड आहे. दात्याला आपले नाव दिसावयास हवे असते. लपवून त्याला काय मिळणार?

पण त्याच कार्ल्यात एक निराळे नाव आहे. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने या घराचे तोंड, म्हणजे दर्शनी द्वार, केले असा एक छोटा लेख तेथे आहे. त्याने पैसे दिले नव्हते, हात दिले होते. आणि ज्या भागाला हात लावला त्याच भागाशी त्याचे नाव राहिले. याहूनही मला आवडते ते पितळखोऱ्याचे उदाहरण. तेथल्या लेण्यांत सापडलेली एक ठेंगणी, गुटगुटीत, हसऱ्या चेहऱ्याची यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कान्हदास नावाच्या सोनाराने ही केली, असा लेख तिच्या हातावर कोरलेला आहे. हा सोनार दगडाकडे कसा वळला असेल कोण जाणे, परंतु नावासाठी त्याने जागा निवडली ती मूर्तीचा हात. चेहरा त्याने मोकळा ठेवला, छाती मोकळी ठेवली. हाताने केलेल्या कामाची सही हातावर! शिवाय ते नाव काढावयाचे तर मूर्तीचा हात विद्रूप करावा लागेल. म्हणजे चित्राच्या सौंदर्याला धक्का नाही आणि चोराला सोयही नाही, अशी ती जागा आहे. आमच्या मुलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या सोनाराने केव्हाच देऊन ठेवले आहे.

याच्या अगदी उलट जागा एका हस्तिदंती बाहुलीवर सापडते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरला आणि भोकरदनला तिच्याच धाटणीच्या छोट्या मूर्ती मिळाल्या. तेरची मूर्ती तेरच्याच संग्रहालयात आहे. त्यावरून पाँपेईची मूर्ती आपल्याच मुलखातून गेली असावी असे पुष्कळ विद्वानांना वाटते. परंतु तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले ‘शि’ असे एक अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. म्हणून दुसरे विद्वान म्हणतात, ती तिकडची. बहुधा कारागिराने जोडणीसाठी केलेली ती खूण असावी : हा तुकडा अमक्या जागी बसवावा, एवढ्यापुरती. कोणाला दाखवण्यासाठी ती नव्हतीच, म्हणून ती तळाशी आहे. परंतु दोन हजार वर्षांनी त्या लपलेल्या एका अक्षराला साक्षीदार म्हणून उभे राहावे लागले. लपवलेली खूण मिरवत नाही, पण वाद पडला की बोलू लागते. वस्तुसंग्रहालयांतही वस्तूचा नोंदक्रमांक दर्शनी बाजूस न घालता तळाला किंवा मागे बारीक अक्षरांत लिहितात, ते याच विचाराने.

◆

आता नाव घालण्याची तिसरी तऱ्हा पाहू. ती राजाची तऱ्हा आहे आणि ती बरीच आडदांड आहे.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी होती. मुळात ती सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची. एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. परंतु त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. नाणी वितळवून नवी पाडण्याचा खटाटोप न करता नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचे डोंगराचे चिन्ह आणि आपले नाव त्याने उमटवले. ठसा कोठे पडतो याची टाकसाळीतल्या माणसांनी पर्वा केलेली दिसत नाही. कधी तो नाकावर पडला, कधी कानावर, कधी अर्धा बाहेर गेला.

नाव मधोमध घालण्याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण. येथे हेतू वस्तू शोभिवंत करण्याचा नव्हताच. कालपर्यंत हे त्याचे होते, आजपासून माझे आहे, एवढेच बाजारातल्या माणसाला कळावयास हवे होते. पण गंमत अशी की ठसा अर्धवट पडल्यामुळे खालचा नहपान कित्येक नाण्यांवर शिल्लक राहिला, आणि त्यामुळेच गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला या गोष्टीचा हातात धरण्याजोगा पुरावा इतिहासकारांना मिळाला. दुसऱ्याच्या वस्तूवर आपले नाव ठोकणाऱ्याला मूळ धन्याचे नाव पुरते पुसता येतेच असे नाही. एकाने काढलेल्या छायाचित्रावर आपल्या मंडळाचे मोठे बोधचिन्ह चिकटवून ते पुढे पाठवणाऱ्यांनी ही नाणी एकदा पाहून यावीत.

तेरच्या नावालाही असा एक राजयोग आला होता. शिलाहार राजे ठाण्याकडे, कोल्हापुराकडे राज्य करीत होते. परंतु आपल्या ताम्रपटांत ते स्वतःला मोठ्या अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवतात. आमचे मूळ तगरचे, एवढे सांगण्यासाठी हे बिरुद. त्या ताम्रपटांवर त्यांची गरुडमुद्रा कोठे असे? ताम्रपटाचे पत्रे एका कडीत ओवलेले असत आणि त्या कडीची दोन टोके जेथे जुळत तेथे मुद्रा बसवलेली असे. एखादा पत्रा काढून त्या जागी खोटा पत्रा घालावयाचा तर कडी तोडावी लागे, आणि कडी तोडावयाची तर मुद्रा मोडावी लागे. म्हणजे मुद्रेची जागा शोभेसाठी निवडलेली नव्हती. फसवणूक जेथून आत शिरण्याचा संभव, तेथे पहारा बसवला होता.

हीच दृष्टी पुढे मराठ्यांच्या दफ्तरात दिसते. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर दोन मुद्रा असत. एक माथ्यावरची, त्यांच्या नावाची प्रसिद्ध संस्कृत मुद्रा. ती मानाची. दुसरी लहानशी, ‘मर्यादेयं विराजते’ अशी, मजकूर जेथे संपला तेथे शेवटच्या अक्षराला लागून. ती कशासाठी? मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक अक्षर वाढवू नये यासाठी. पेशवाईत हेच काम ‘लेखनसीमा’ या शब्दांनी केले. लांब कागद करावयाचा असला की बंदाला बंद चिकटवीत, आणि सांध्यावर पाठीमागून शिक्का उठवीत. सांधा उसवून मधला बंद बदलला तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळावयाचे नाहीत. गावच्या पाटलाला अक्षर येत नसले तरी त्याच्या नावापुढे नांगराची निशाणी असे. आपल्या पूर्वजांनी शिक्का ‘कोठे छान दिसेल’ असा विचार केला नाही. ‘कोठून बिघडवता येईल’ असा विचार केला, आणि शिक्का नेमका तेथे मारला.

◆

आता पुन्हा तेरला येऊ. कारण नाव घालण्याची आपल्याकडची सर्वांत सुंदर रीत कुंभाराच्या त्या अंगणात नांदली आहे.

गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले आणि काकांनी त्या थापटण्याने एकेकाचे डोके थापटून नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा मराठी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या मेळ्यातल्या सर्वांनी अभंग रचले आणि सर्वांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपले नाव गुंफले. नामा म्हणे, चोखा म्हणे, म्हणे गोरा कुंभार. ही नाममुद्रा. जनाबाईने तर स्वतःच्या नावाबरोबर नामदेवांचे नाव घातले. पुढे एकनाथांनी गुरूचे नाव जोडून ‘एका जनार्दनी’ केले. एवढे विनम्र लोक, मग नाव कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तर वर आलेच आहे. गोरोबांचे मडके त्यांच्या गिऱ्हाइकाच्या घरी गेले, पण त्यांचा अभंग अनोळखी माणसांच्या तोंडी जाणार होता. मडक्याला नावाची गरज नव्हती, अभंगाला होती.

या मुद्रेची जागा पाहा. ती शेवटी असते, म्हणून ऐकणाऱ्याच्या आड येत नाही. ती छंदात बसवलेली असते, म्हणून काढली तर चरण लंगडतो. आणि ती यमकाच्या शेजारी असते, म्हणून सहज बदलता येत नाही. ओल्या मातीतली खूण म्हणतात ती हीच.

तरीही चोरी झालीच. तुकाराम महाराजांच्या हयातीतच सालोमालो नावाच्या माणसाने त्यांच्या अभंगांतले नाव काढून आपले नाव घातले, असे वारकरी परंपरा सांगते. १९३६ साली प्रभातच्या दामले-फत्तेलालांनी ‘संत तुकाराम’ चित्रपट काढला, त्यातही हा सालोमालो आहे. देवळात बसून दुसऱ्याचा अभंग स्वतःचा म्हणून गाणारा आणि उलट तुकारामांवरच चोरीचा आळ घेणारा. ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांना त्याची छबी विसरता यायची नाही. कातरीने कोपरा कापून छायाचित्र आपले म्हणवणारा तो सालोमालोच. परंतु त्याचे काय झाले? अभंग तुकोबांच्या नावानेच राहिले, कारण ते गावोगावच्या शेकडो लोकांनी त्यांच्या तोंडून ऐकलेले होते. नुसत्या खुणेने त्यांचे रक्षण केले नाही. खूण ओळखणाऱ्या समाजाने केले.

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. नाममुद्रा अपुरी असली की घोळ होतो. संत नामदेवांनंतर पुष्कळ काळाने विष्णुदास नामा नावाचा कवी झाला आणि त्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. दोघेही ‘नामा’. त्या निवडता निवडता संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. नुसते पाळण्यातले नाव घालून मोकळे होणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

◆

‘वॉटरमार्क’ हा शब्द ज्या कागदावरून आला त्याची हकिगतही थोडक्यात सांगतो. इटलीतल्या फाब्रिआनो या गावचे कागदी तेराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या साच्याच्या जाळीवर तारेची आकृती शिवू लागले. लगदा त्या तारेवर किंचित पातळ बसे, आणि सुकलेला कागद उजेडाला धरला की ती आकृती दिसे. एरवी लिहिताना, वाचताना ती कोणाच्या आड येत नसे, आणि ती काढावयाची तर कागदच फाडावा लागे. आपल्या नोटेवरचा गांधीजींचा चेहराही असाच उजेडात दिसतो, आणि तो दिसावा म्हणून नोटेचा तेवढा भाग मुद्दाम कोरा ठेवलेला असतो. खुणेसाठी आधीच जागा राखून ठेवणे हा शहाणपणाचा एक प्रकार आहे.

छायाचित्र आले आणि नाव पुन्हा काठाला गेले. निजामाच्या राज्यात, म्हणजे ज्या राज्यात १९४८ पर्यंत तेरही होते, लाला दीनदयाळ हे मोठे नामांकित छायाचित्रकार होऊन गेले. निजामाने त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. त्या काळचे छायाचित्रकार काचेच्या निगेटिव्हच्या खालच्या कडेला उलट्या अक्षरांत क्रमांक आणि नाव लिहीत. कागदावर छाप उठला की ती अक्षरे सुलट आणि पांढरी उमटत. घरोघरच्या लग्नाच्या जुन्या फोटोंना जाड पुठ्ठ्याची चौकट असे आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचे नाव उठावाच्या शिक्क्याने उमटवलेले असे. चौकटवाल्याकडे फोटो गेला की तो काचेच्या मापासाठी पुठ्ठा कापी आणि नाव जाई. चोरी करण्याचा त्याचा हेतू नसे. नाव काठाला होते, एवढाच त्या नावाचा अपराध.

पण त्या फोटोंना एक मोठे सुख होते. त्यांना पाठ होती. तुमच्या घरी जुना अल्बम असेल तर एखादा फोटो सोडवून उलटा करून पाहा. मागे कोणाच्या तरी वळणदार अक्षरांत गाव, तिथी, कोण कोणाच्या शेजारी बसले आहे, हे लिहिलेले असेल. पुढच्या बाजूला एक अक्षर नाही आणि तरी सगळी हकिगत जिवंत! मोबाइलच्या छायाचित्राला अशी पाठ दिसत नाही. वास्तविक तिलाही पाठ असते. तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जात, कधी कधी जागासुद्धा त्या चित्राच्या पोटात नोंदलेली असते. परंतु व्हॉट्सअॅपसारख्या साधनांनी चित्र नेहमीच्या रीतीने पाठवले की ते दाबून लहान केले जाते आणि ही पाठीवरची नोंद वाटेतच पुसली जाते. म्हणून आज सगळा भार पुढच्या बाजूवरच्या नावावर पडला आहे.

ते नावही आता पूर्वीइतके सुरक्षित नाही. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिले की एखाद्याच्या पुष्कळ छायाचित्रांवर तीच खूण अगदी त्याच तऱ्हेने घातलेली असली तर यंत्र ती चित्रे एकमेकांशी ताडून खुणेचा आकार शोधते आणि ती सफाईने काढून टाकते. खूण प्रत्येक चित्रात किंचित वेडीवाकडी केली तर मात्र यंत्र अडखळते. गौतमीपुत्राच्या टाकसाळीतल्या निष्काळजी ठशांना येथे अचानक प्रतिष्ठा मिळते! त्याशिवाय कोऱ्या आकाशावर, सपाट भिंतीवर घातलेले नाव पुसणे सोपे, कारण त्या जागी पुन्हा आकाश भरता येते. विटांच्या, पानांच्या, नक्षीच्या गर्दीत घातलेले नाव पुसणे त्या मानाने कठीण.

कायद्याचा आधार नाही असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क कोठे नोंद न करताही मिळतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्राच्या हक्कासंबंधीची माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला. पण रांगोळीच्या फोटोसाठी कोर्टात कोण जाणार? कायदा पाठीशी असावा आणि खूण पुढे असावी, हेच बरे.

तेव्हा तेरच्या त्रिविक्रम मंदिराचे छायाचित्र काढणाऱ्या मुलाला मी काय सांगेन? नाव आकाशात घालू नकोस. ते पुसले जाईल. अगदी काठाला घालू नकोस; ते कापले जाईल. देवाच्या मुखावर घालू नकोस; तो नहपान नव्हे. भिंतीच्या विटांची ओळ जेथे वळते, जेथे कापले तर मंदिरच अर्धे होईल, अशा जागी बारीक, फिकट अक्षरांत घाल, कान्हदासाने हातावर घातले तसे. मूळ चित्र, न दाबलेले, घरी जपून ठेव. दफ्तरात पत्राची स्थळप्रत ठेवीत तशी ती तुझी स्थळप्रत. वाद पडलाच तर तीच बोलेल.

आणि एक गोष्ट नावाच्याही आधी सांगेन. प्रथम गावाचे नाव घाल, मग साल घाल, आणि मग तुझे. कारण वस्तू आणि गावाचे नाव यांची ताटातूट झाली की काय होते हे तेरइतके कोणी सोसलेले नाही. ‘तगर’ हे नाव ग्रीकांच्या ग्रंथात होते, शिलाहारांच्या ताम्रपटांत होते. परंतु ते गाव कोणते हे विसरले गेले होते. कोणी म्हणाले देवगिरी, पंडित भगवानलाल इंद्रजी म्हणाले जुन्नर, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखवले. अखेर १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिले. पुढे हेन्री कझिन्स यांनी तेरची मंदिरे पाहून पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात लेख लिहिला, आणि त्रिविक्रमाचे गजपृष्ठाकार मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे असे मत मांडले. १९५८ मध्ये चापेकरांनी येथे उत्खनन केले. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून निघालेल्या हजारो वस्तू आयुष्यभर गोळा करून जपल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला उभे आहे. त्यांनी त्या वस्तू तेरलाच राखल्या, म्हणून त्यांचे गाव सुटले नाही. गावाचे नाव सुटलेली मूर्ती कितीही देखणी असली तरी तिला काही विचारता येत नाही.

त्रिविक्रमाच्या भिंतीतल्या विटा ज्याने भाजल्या त्याचे नाव आपल्याला कळणार नाही. त्याने ते कोठेच घातले नाही. त्याचे गिऱ्हाईक त्याला ओळखत होते. पण त्या विटा कोणत्या गावच्या हे आज आपण खात्रीने सांगू शकतो, आणि ती खात्री मिळवावयास केवढा काळ लागला हे वर सांगितलेच. या दिवाळीत घरोघर जी हजारो छायाचित्रे निघतील, त्यांवर कोणी आपले नाव घालील, कोणी घालणार नाही. निदान गाव आणि साल तेवढे घालावे. नातवंडांना तुमची रांगोळी कोणत्या अंगणात होती हे शोधण्यासाठी फ्लीटसाहेबाची वाट पाहावी लागू नये.